नव्वदावरचा काटा

माझ्या कुंदाच्या रक्तात साखर किती, हे अख्ख्या दिग्रसात एकच माणूस सांगू शकत होता, आणि तोही यंत्राला विचारून सांगत होता. माणूस चुकला तर त्याला उलटून विचारता येतं. यंत्राबद्दल शंका काढली की माणूसच अंगावर येतो. हे मी चौसष्टच्या दसऱ्यानंतर शिकले. त्याचा संताप अजून निवला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

कुंदा तेव्हा सहा वर्षांची होती. चौथ्या वर्षी तिला मधुमेह निघाला. तेव्हापासून रोज सकाळी इन्शुलिनची सुई, पिचकारीवरच्या वीस रेघा. रेघा कुंदाच मोजायची. "आज किती?" असं विचारून ती स्वतःच "वीस" म्हणायची आणि तोंड भिंतीकडे करायची. इन्शुलिनची बाटली यवतमाळहून एसटीनं यायची. मी ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत असे. औषध उन्हानं खराब होतं, एवढी भीती पुरेशी होती. रोज तिची लघवी निळ्या औषधात उकळायची. निळीच राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर सावध, विटेसारखी लाल झाली तर मला घास गिळवत नसे. रंग मी वहीत लिहून ठेवायची. अमरावतीला बी.एस्सी. करताना हेच निळं औषध आम्ही हसतखिदळत परीक्षानळीत ओतलं होतं.

त्या वर्षी श्रावणात वामनराव डॉक्टरांनी नागपूरहून यंत्र आणलं. सगळं गाव बघून आलं, तशी मीही गेले. रेडिओएवढी काळी पेटी, पुढे काचेआड काटा, शेजारी मोटारीची बॅटरी. बोटातून रक्त घ्यायचं, ते साफ करून वरचं निवळ पाणी नळीत काढायचं आणि त्यात एका तपकिरी बाटलीतलं औषध टाकायचं. खरी करामत त्या औषधाची होती. ते बुरशीतून काढलेलं एन्झाइम होतं, जिवंत पेशीनं तयार केलेलं. रक्तातल्या ग्लुकोजला तेवढं ते ओळखतं, बाकी कशाला हात लावत नाही. ग्लुकोज सापडलं की नळीतल्या पाण्याला रंग चढतो. रंग जितका गडद, तितका पेटीतला उजेड अडतो, पलीकडच्या काचेच्या डोळ्यात तेवढी कमी वीज तयार होते आणि त्यावर काटा सरकतो. बुरशीचा रस आणि बॅटरीची वीज एका पेटीत नांदवणारं डोकं कोणाचं असेल, असं मनात येऊन मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. हे आधीच सांगते, नाहीतर कोणी म्हणेल, बाईला यंत्राचाच राग.

ते औषध थंड ठेवावं लागे. त्यासाठी जस्ताचा पत्रा लावलेली लाकडी पेटी होती. दिवसाआड यवतमाळच्या बसनं कापसाच्या कचऱ्यात दाबलेला बर्फ यायचा आणि नेमसिंग कंपाउंडर तो पेटीत भरायचा. श्रावण-भाद्रपदात कुंदाचं रक्त तीनदा तपासलं. एकदा दोनशे दहा, एकदा एकशे साठ, एकदा एकशे नव्वद. माझ्या वहीतल्या रंगांशी आकडे बरोबर जुळत होते.

मग दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळे आणि वखराची पास धुऊन मांडतो, कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री पाने-हातोडे मांडतात. पुजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही. वामनरावांनीही दवाखान्यात पूजा मांडली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही सोनं द्यायला गेलो, तेव्हा टेबलावर लाल कापड, त्यावर झेंडूच्या माळेतलं यंत्र आणि पुढे कात्र्या, सुया, नळ्या आणि बाटल्या ओळीनं. प्रत्येक वस्तूला हळदकुंकू. कुंदाला मजा वाटली. "आई, बाटलीला पण टिकली लावली," ती म्हणाली. मीही हसले. बघितलं सगळं, कळलं काहीच नाही. स्वतःला मी कायम डोळे उघडे ठेवून वावरणारी समजते, आणि त्या दिवशी त्या उघड्या डोळ्यांसमोर सगळं मांडून ठेवलेलं होतं.

सोमवारी कुंदाला तपासायला नेलं. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. बाकावर आमच्या आधी लालीबाई बसली होती. दोन कोसांवरच्या तांड्यावरची, पन्नाशीची, हातभर पांढऱ्या बांगड्या. तिलाही इन्शुलिन चालू होतं, आणि ते टोचायला नेमसिंगच सकाळी सायकलनं जायचा, कारण तोही त्याच तांड्यावरचा. ती आतून बाहेर आली ती हसतच.

"बरी झाली मी, याडी," ती मला म्हणाली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि ती सगळ्याच बायांना तसं म्हणायची. "नव्वद म्हणते काटा. सुई बंद."

"एकदम बंद?"

"डाक्तर म्हणला, देवीची कृपा. नवरात्राचे उपास केले ना."

तिच्यानंतर एक पेन्शनर मास्तर गेले. त्यांची साखर ब्याण्णव निघाली. मग कुंदा. नेमसिंगनं बोट टोचलं, नळ्या हलवल्या, पाव तास थांबला. काटा उठला आणि नव्वदावर येऊन बसला.

वामनरावांनी चष्मा काढला. "इंदूबाई, पेढे द्या. उद्यापासून दहा रेघा. आठ दिवसांनी पुन्हा पाहू, बहुतेक बंदच करू."

"पण डॉक्टर, आज सकाळी निळ्या औषधात विटेचा रंग आला होता."

"ते औषध जुनाट झालं आता. त्याला ग्लुकोज काय, दुसरं काय, सगळं सारखंच. चार गोष्टींनी लाल होतं. हे यंत्र फक्त ग्लुकोज बघतं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला सांगायला नको."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला गप्प बसावं लागलं. निळं औषध खरंच दुसऱ्या गोष्टींनीही लाल होतं. समजा काटा खरा असेल आणि मी वीस रेघा टोचल्या, तर पोरगी घामाघूम होऊन बेशुद्ध पडेल, कदाचित उठणारच नाही. काटा खोटा असेल आणि दहाच टोचल्या, तर आतून जळत जाईल. हे दोन्ही रस्ते माझ्या हातातल्या सुईतून जात होते. डॉक्टरांच्या हातात काय, फक्त पेन.

घरी आनंदीआनंद. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला.

"कोजागिरी तोंडावर आली," त्या म्हणाल्या. "यंदा पाजीन मी तिले मसाल्याचं दूध. दोन वर्सं झाले, पोरगी वाटीकडे पाहत बसते."

"आत्याबाई, इतक्यात नको. माझी खात्री पटत नाही."

"मशीननं सांगतलं, डाक्तरनं सांगतलं, मंग तुले काय होऊन राह्यलं? पोरगी बरी झाली म्हणून सुतक धरतं का कोणी?"

हे, म्हणजे कुंदाचे वडील, जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. बोंड चिमटीत धरून धागा ओढायचा आणि डोळे मिटून लांबी सांगायची, अशी त्यांची ख्याती. मी त्यांना म्हटलं, "उद्या तुमच्या जागी यंत्र आलं आणि त्यानं कवडीच्या मालाला पहिला नंबर दिला, तर?"

"तर मी म्हणीन, मशीन बिघडलं."

"मग मी तेच म्हणते आहे."

"मी बावीस वर्सं कापूस पाहून राह्यलो, इंदू. तू किती वर्सं रक्त पाहिलं?"

मी वही पुढे टाकली. दोन वर्षांचे रंग त्यात होते. त्यांनी पानं उलटली, वही मिटली आणि म्हणाले, "डॉक्टरचं ऐक."

मंगळवारी मी दहा रेघा टोचल्या. "आज किती?" कुंदानं विचारलं. "दहा." तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, मग सुईकडे. तिला वाटलं मी चुकले. मला तर तसं वाटतच होतं.

त्या दिवशी तिनं तीनदा तांब्या रिकामा केला. बुधवारी सकाळी अंथरूण ओलं होतं. अंगणाच्या मोरीत मुंग्यांची रांग लागली होती, ती थेट तिच्या लघवीपर्यंत. आणि तिच्या तोंडाला वास येत होता, पिकून फुटलेल्या सीताफळाचा. हा वास मला ठाऊक होता. चौथ्या वर्षी ती पहिल्यांदा आजारी पडली, तेव्हा याच वासाला आम्ही दोन दिवस खरोखरच सीताफळ समजत होतो.

मी पुन्हा दहाच टोचल्या. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. पण नव्वदाचा आकडा माझ्या मानेवर बसला होता.

तिला सासूबाईंजवळ ठेवून मी दवाखान्यात गेले. जाताना बाटलीत साखरेचं पाणी करून नेलं. चांगली चार चमचे साखर. मनात एकच, काटा फिरला तर यंत्र खरं, नाही फिरला तर खोटं.

वामनराव हसले, पण हो म्हणाले. बाकावरच्या चार माणसांसमोर ही गंमत त्यांनाही हवी असावी. नेमसिंगनं थेंब नळीत टाकला. काटा शून्यावरून हलला नाही.

"बघा," मी म्हटलं.

"काय बघा? ही उसाची साखर. आपल्या बाटलीतलं औषध ग्लुकोजच ओळखतं, हे मी परवाच सांगितलं होतं. काटा हलला नाही, हीच यंत्राच्या खरेपणाची खूण." मग बाकाकडे वळून ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. बायका मात्र घाबरल्या की विज्ञानसुद्धा विसरतात."

बाकावरचे हसले. मी बी.एस्सी. झालेली बाई, उसाची साखर आणि ग्लुकोज यातला फरक विसरले होते. तोंड लपवून बाहेर पडावं असं झालं. नेमसिंग उरलेलं औषध बर्फाच्या पेटीत ठेवत होता. वळता वळता मला त्या तपकिरी बाटलीची चिठ्ठी दिसली. त्यावर कुंकू होतं. बर्फाच्या पाण्यानं ओघळून गुलाबी झालेलं.

"नेमसिंग, ही बाटली पूजेत मांडली होती?"

"हो बाई. सगळंच मांडलं होतं."

"किती वेळ?"

"नवमीच्या सकाळपासून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उचललं. मधात हात कसा लावता येईल? पुजलेलं होतं."

म्हणजे दोन दिवस. पत्र्याखाली, त्या उन्हात. मी घरी चालत गेले, पण डोकं धावत होतं. विरजण कढत दुधात घातलं की मरतं, हे अक्षर न वाचलेल्या बाईलाही कळतं. बुरशीच्या रसाचं वेगळं काय होणार? पूर्ण मेला असता तर काटा हललाच नसता, आणि डॉक्टरांनाही कळलं असतं. तो अर्धवट मेला होता. जेवढा जिवंत उरला होता, तेवढं काम करून थकून बसत होता. रक्तात साखर दोनशे असो की चारशे, थकणार एकाच ठिकाणी. लालीबाई नव्वद, मास्तर ब्याण्णव, कुंदा नव्वद. तिघांची साखर एका मापाची होती, आणि मला त्याचं नवल सोमवारीच वाटायला हवं होतं.

घरात ग्लुकोजच्या भुकटीचा डबा होता. कुंदाला कधी इन्शुलिन जास्त झालं तर चाटवायला ठेवलेला. मी तीन बाटल्या केल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत एक चमचा, तिसरीत चार चमचे. दुपारी यांना जिनिंगमधून बोलावून घेतलं. ते कुरकुरले. मी म्हटलं, "कुंदाजवळ जाऊन तिच्या तोंडाचा वास घ्या." ते आत गेले. बाहेर आले आणि त्यांनी चपला घातल्या.

वामनराव जेवून नुकतेच आले होते. "पुन्हा साखर?"

"या वेळी ग्लुकोज," मी म्हटलं.

"इंदूबाई, हा दवाखाना आहे, शाळा नाही."

तेव्हा हे बोलले, आणि त्याबद्दल त्यांचे उपकार मी मानते. "डाक्तरसाहेब, मले माल घेताना कोणी नमुना दाखोला तर मी पाहतो. तुम्ही काहून भिऊन राह्यले?"

नेमसिंगनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवली. साधं पाणी, काटा शून्य. एक चमचा, काटा उठला आणि नव्वदावर थांबला. मग चार चमचे. ज्या पाण्यानं काटा पार टोकाला जाऊन आपटायला हवा होता, त्या पाण्याला तो एक्याण्णवावर गेला आणि बसला.

वामनराव शिकलेले माणूस. त्यांना समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला, हे मला त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसलं.

"तपासून पाहायचं कंपनीचं पाणी येतं ना यंत्राबरोबर?" मी विचारलं.

"ते भाद्रपदात संपलं," नेमसिंग म्हणाला. "मागवलं नाही."

"तू गप," वामनराव म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "बाटली बाद झालेली दिसते. कुंदाला पहिल्यासारखं वीस चालू करा. राहिलेल्या दहा आत्ताच द्या. आणि तासातासाला पाणी पाजत राहा." मग यांच्याकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "घनश्यामराव, हे बाहेर नको. लोकांचा यंत्रावरचा विश्वास उडेल. बऱ्याच खटपटीनं आणलं आहे मी ते."

म्हणजे माझी मुलगी दोन दिवस आतून जळत होती, आणि डॉक्टरांना काळजी यंत्राच्या अब्रूची. सकाळी भरल्या बाकासमोर मला हसायला त्यांना जागा होती, आणि दुपारी खरं बोलायला पडदा हवा होता.

"दसऱ्यानंतर किती जणांना नव्वद सांगितलं?" मी विचारलं.

"ते मी बघतो."

"किती जणांना?"

"पाच," नेमसिंगनं उत्तर दिलं. "कुंदा धरून. लालीबाईची सुई मीच बंद केली, बाई. सोमवारपासून."

मी दार उघडलं. बाकावर दुपारचे सात-आठ लोक होते. त्यांना मी सांगितलं की दसऱ्यानंतर ज्याची ज्याची साखर यंत्रानं उतरवली, त्याची उतरलेली नाही. यंत्राचं औषध पूजेत उन्हानं मेलं आहे. मास्तरांच्या घरी कोणीतरी आत्ता जावं. एवढंच बोलले.

"हा तमाशा आहे," मागून वामनराव म्हणाले.

"तमाशा सकाळी झाला, डॉक्टर," मी म्हटलं.

नेमसिंग विचारायला थांबला नाही. त्यानं लालीबाईचं इन्शुलिन रुमालात गुंडाळलं, सायकल काढली आणि तांड्याच्या रस्त्याला लागला. ती त्याला अंगणात आडवी पडलेली सापडली, पाणी मागत होती. तीन दिवस तिची सुई बंद होती. ती वाचली. त्यात डॉक्टरांचा वाटा नाही, नेमसिंगच्या पायांचा आहे.

घरी कुंदा भिंतीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले. मी सुई भरली.

"सकाळी झाली ना?" ती म्हणाली.

"राहिलेली आहे."

"किती?"

"दहा."

तिनं बोटांवर बेरीज केली. "मग वीसच झाले," म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. कोजागिरीच्या दुधाचं नाव त्यांनी काढलं नाही. सारी दुपार त्या तांब्या भरून आणत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सीताफळाचा वास गेला.

नवी बाटली दिवाळीनंतर नागपूरहून आली. आता वामनराव रोज सकाळी पहिल्यांदा ग्लुकोजचं पाणी तपासतात, काटा बरोबर उठला तरच माणसाचं रक्त घेतात. पुढच्या खंडेनवमीला यंत्राला माळ होती, बाटली बर्फातच होती. ठीक झालं. पण परवा यवतमाळहून एक डॉक्टर यंत्र पाहायला आले होते आणि मी कुंदाला घेऊन बाकावर बसले होते. वामनराव त्यांना म्हणाले, "ही आमची इथली पद्धत. आधी पाण्यावर परीक्षा, मग रक्तावर. मी सुरुवातीपासून कटाक्षानं पाळतो."

नेमसिंगनं नळ्या धुता धुता माझ्याकडे पाहिलं. वामनरावांनी पाहिलं नाही. वर्ष उलटलं, त्या माणसानं कुंदाची चौकशीसुद्धा यंत्राकडे बघतच केली आहे.

त्यांच्या तोंडून मला माफी नको आहे. ती ऐकायला मी बाकावर बसत नाही. आमची पाळी आली, मी आत गेले आणि पिशवीतून बाटली काढली. माझं ग्लुकोजचं पाणी मी घरून करून आणते.

"आम्ही आत्ताच तपासलं आहे, इंदूबाई," वामनराव म्हणाले.

"पुन्हा तपासा," मी म्हटलं, आणि काटा उठेपर्यंत कुंदाचं बोट माझ्या मुठीत ठेवलं.